बोर्ड बंद का पडला? कारण-नोंदीचा टप्पा २: डीएस१३०७, रॅमऊप्स आणि तिसरा कपॅसिटर

छोटा लिनक्स बोर्ड का बंद पडला, हे पुढच्या बूटला कळावं म्हणून हा खटाटोप. पहिल्या टप्प्यात फक्त पॅनिकचा (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळण्याचा) लॉग हाती लागत होता. आता बोर्ड परत सुरू झाला की साधं रीबूट, साधा पॉवर-ऑफ, अतितापमान, व्होल्टेज पडणं आणि पॅनिक ही पाच कारणं वेगवेगळी ओळखता येतात. 'काहीच न लिहिता गेला' हा सहावा प्रकार अर्धाच सुटलाय, त्याबद्दल शेवटी. जुळणी तीच: १२ व्होल्टचा अडॅप्टर, बक कन्व्हर्टर (१२ चे ५ व्होल्ट करणारा), ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५ वॉट खाणारा एआरएम बोर्ड, मेनलाइन कर्नल.

सगळी कारणं एकाच जागी लिहिता येत नाहीत, हे आधी मान्य करावं लागतं. रॅम वॉर्म रीसेटमध्ये (वीज न तोडता पुन्हा सुरू होताना) टिकते, वीज गेली की पुसली जाते. बॅटरीवरची एनव्हीरॅम वीज गेल्यावरही टिकते, पण ती आय-टू-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर) असते. पॅनिकच्या वेळी त्या बसचं लॉक कुणीतरी धरून ठेवलेलं असू शकतं, आणि तिथे थांबून वाट पाहायची सोय नसते. म्हणून वाटणी अशी: पॅनिक आणि ऊप्स (कर्नलची त्याहून सौम्य चूक) रॅमऊप्सकडे (रॅमच्या राखीव तुकड्यात लॉग ठेवणारा कर्नलचा ड्रायव्हर), बाकी सगळं एनव्हीरॅमकडे.

एनव्हीरॅमसाठी बॅटरीवरच्या घड्याळाची चिप निवडताना डीएस३२३१ बाद झाली. तिच्यात मोकळी रॅमच नाही. तिच्या मॉड्यूलवर २४सी३२ ईईप्रॉम असते खरी, पण तिचं एक लेखन पूर्ण व्हायला १० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, आणि इथे एकेक मिलिसेकंद महाग आहे. डीएस१३०७ मध्ये बॅटरीवरची ५६ बाइट रॅम आहे, आणि कर्नलचा ड्रायव्हर ती एनव्हीमेम (अशा साठ्यांसाठीची कर्नलची सामायिक वाट) म्हणून उघडी करतो. कारणाचा कोड आणि त्याचा उलटा बाइट असे दोन बाइट लिहितो. जुळले नाहीत तर नोंद रद्द. १०० किलोहर्ट्झवर या लेखनाला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. मॉड्यूलवरचे ५ व्होल्टला जोडलेले पुल-अप रेझिस्टर मात्र काढून टाका आणि ३.३ व्होल्टला लावा, नाहीतर बोर्डाच्या पिना जातील. चिपला ३.३ व्होल्टचा हाय चालतो, पण तिचा स्वतःचा पुरवठा ५ व्होल्टच हवा. पुरवठा बॅटरीच्या सव्वापट व्होल्टेजखाली गेला की ती लेखन बंद करते. ३ व्होल्टच्या सेलला ही सीमा ३.७५ व्होल्ट.

लिहिण्याची पद्धत उलटी आहे. बूट होताच जुनी नोंद वाचून बाजूला ठेवायची आणि लगेच 'चालू आहे' हा कोड लिहायचा. नीट बंद होताना रीबूट नोटिफायर (बंद होण्याआधी कर्नल बोलावतो ते फंक्शन) खरा कोड लिहितो. नोटिफायर डिव्हाइस शटडाऊनच्या आधी चालतात, म्हणून आय-टू-सी अजून जिवंत असते. प्रायॉरिटी मोठी ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मागे रांगेत उभं राहावं लागत नाही. पुढच्या बूटला 'चालू आहे' तसंच दिसलं, तर नोटिफायरपर्यंत गाडी पोचलीच नाही. सिसआरक्यूचं (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या आणीबाणीच्या कळीचं) 'बी' नेमकं हेच करतं: सगळे नोटिफायर टाळून थेट रीसेट.

अतितापमान आणि व्होल्टेज पडणं दोन्ही हार्डवेअर प्रोटेक्शनच्या (हार्डवेअर वाचवायला कर्नल स्वतः बोर्ड बंद करतो त्या) वाटेने येतात, आणि नोटिफायरला कारण कळत नाही. त्याला फक्त 'पॉवर-ऑफ' दिसतं. कारणाची ओळ कन्सोलवर छापली जाते, पण वीज तुटली की रॅमऊप्समधली ती ओळही जाते. म्हणून कर्नलच्या रीबूट फाइलमध्ये छोटा पॅच: प्रोटेक्शन सुरू होताना कारण एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, नोटिफायरने ते उचलायचं. तापमानासाठी कर्नल कॉन्फिगमधला आणीबाणी पॉवर-ऑफचा विलंब शून्य ठेवू नका. शून्य म्हणजे 'लगेच' नव्हे, 'सक्तीने बंद करूच नको'.

खरी कसरत व्होल्टेजची. अडॅप्टरच्या बाजूला शॉटकी डायोड, त्याच्यापुढे बकच्या इनपुटवर कपॅसिटर, आणि डायोडच्या आधी एलएम३९३ कम्पॅरेटर. ३४ किलोओहम आणि १० किलोओहमचा डिव्हायडर २.५ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करतो, म्हणजे इनपुट ११ व्होल्टखाली जाताच इंटरप्ट. थोडा हिस्टेरेसिस (चालू आणि बंदच्या सीमांमध्ये अंतर) द्याच, नाहीतर सीमेवर इंटरप्टचा पाऊस पडतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) फिक्स्ड रेग्युलेटरला अंडर-व्होल्टेज इंटरप्ट आणि सिस्टिम-क्रिटिकलची खूण दिली की बाकीचं कर्नल करतो, ६.८ पासून ही सोय आहे.

आता हिशेब. वेळ १२ व्होल्टपासून मोजायचा नाही. अडॅप्टर हळूहळू कोसळतो आणि कपॅसिटर त्याच्यासोबत उतरतो, म्हणून डायोडचे ०.४ वजा करून १०.६ पासून धरा. बक ७ व्होल्टपर्यंत तग धरतो. ८५ टक्के कार्यक्षमतेने ५ वॉटसाठी ५.९ वॉट लागतात. २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, २० टक्के तूट धरून, जेमतेम १९ मिलिसेकंद देतात; तीन लावले की सुमारे २८. इंटरप्टनंतर सक्तीने बंद करण्याआधीची कर्नलची ठरावीक मुदत १० मिलिसेकंद आहे, मग दोन पुरेसे वाटतात. पण टायमर १०० हर्ट्झचा असेल तर ती मुदत टिकच्या सीमेवर सरकून २० पर्यंत जाऊ शकते. म्हणून तिसरा कपॅसिटर. फाइल सिस्टिम सिंक होण्याची आशा या वेळात बाळगू नका, हे फक्त दोन बाइटांसाठी आहे. तीन कपॅसिटरांचा सुरुवातीचा झटका काही अडॅप्टरांना सोसत नाही आणि ते हिचक्या देत राहतात. डायोडच्या मागे एनटीसी (गार असताना जास्त अडवणारा रेझिस्टर) टाका.

रॅमऊप्ससाठी १ एमबी राखून ठेवलंय: रेकॉर्ड ६४ केबी, कन्सोल १२८, पीएमएसजी (प्रोग्रॅमांनी लिहिलेले संदेश) ६४, म्हणजे १३ रेकॉर्डांना जागा. मॅक्स-रीझन (कोणत्या कारणांपर्यंत लॉग ठेवायचा ती सीमा) ३ केल्याने सिसआरक्यूच्या रीसेटचाही लॉग मिळतो. ईसीसी (चुकलेले बिट दुरुस्त करणं) १ ठेवा, रीसेटमध्ये एखाददुसरा बिट उलटतोच. आणि हा तुकडा रॅमच्या वरच्या टोकाला ठेवू नका: यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) स्वतःला तिथेच हलवतो आणि लॉगवर बसतो. पॅनिक टाइमआउट १० सेकंद दिलाय. तो शून्य राहिला तर बोर्ड तिथेच गोठून राहतो आणि वीज काढावी लागते, म्हणजे लॉगही गेला.

सध्या वाचनाचा क्रम असा: आधी एनव्हीरॅम, तिथे 'चालू आहे' असेल तर पीस्टोअर (रॅमऊप्सचा लॉग जिथे दिसतो ती जागा), तेही रिकामं असेल तर वॉचडॉगचा (हँग झालेला बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचा) बूटस्टेटस. त्यात कार्ड-रीसेटचा बिट, म्हणजे दशमानात ३२, दिसला तर हँग. काहीच नसेल तर वीज अचानक गेली असं धरतो, आणि इथेच गोम आहे. काही बूटलोडर रीसेटचं रजिस्टर वाचून, सिरियलवर छापून, पुसून टाकतात. कर्नलला शून्यच दिसतं. ते मूल्य पुसण्याआधी कर्नल कमांड लाइनवर चढवायचं काम बाकी आहे.

एनव्हीमेम-रीबूट-मोड ड्रायव्हर यासाठी वापरू नका. तो 'पुढच्या वेळी काय कर' हे बूटलोडरला सांगतो, मागच्या वेळी काय झालं ते नाही. डेस्कटॉपवर झेन पिढीचा एएमडी प्रोसेसर असेल तर एवढा खटाटोप नकोच: कर्नल ६.१६ पासून मागच्या रीसेटचं कारण चिपसेटच्या रजिस्टरमधून वाचून डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) छापलं जातं. पॉवर बटण चार सेकंद दाबलं गेलं, तापमानाची सीमा ओलांडली, वॉचडॉग संपला, हे सगळं तिथे वेगवेगळं कळतं.