अंगरख्यावरचे तारे

लंडनमधल्या एका छोट्या संग्रहात जुन्या छापचित्रांच्या नोंदी करणं हे माझं काम. त्या मंगळवारी खोक्यातून एक कागद निघाला : येशू आपल्या शिष्याला, पीटरला, मेंढरांचा कळप सोपवतोय. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, पण खालची अक्षरांची पट्टी कुणीतरी कात्रीने उडवलेली. कोरणाऱ्याचं नाव नाही, साल नाही.

रचना इटालियन चित्रकार राफाएलची, हे उघड होतं. दहाव्या लिओ पोपने १५१५च्या सुमारास व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलसाठी त्याच्याकडून टॅपेस्ट्रींचे (भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांचे) पूर्ण मापाचे नमुने, म्हणजे 'कार्टून्स', रंगवून घेतले आणि ते ब्रसेल्सला विणायला दिले. पहिल्या सात टॅपेस्ट्री १५१९च्या डिसेंबरात टांगल्या गेल्या.

मी व्हॅटिकनमधल्या टॅपेस्ट्रीचा फोटो शेजारी ठेवला. डावं-उजवं बरोब्बर जुळलं. कार्टूनमध्ये नेमकं उलट. झालं! कार्डावर 'टॅपेस्ट्रीवरून' लिहून मी चहाला गेले.

चहा अर्धा झाला आणि घास अडकावा तसं झालं. ब्रसेल्सचे विणकर कार्टूनच्या उभ्या पट्ट्या कापून ताण्याखाली, म्हणजे मागावरच्या ताणलेल्या धाग्यांखाली, ठेवत आणि मागच्या बाजूने विणत, म्हणून टॅपेस्ट्रीत चित्र उलटतं. (आईच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागची बाजू वेगळी असते, हे माझ्या डोक्यात उशिराच शिरतं.) पण छापतानाही चित्र उलटतंच की! कार्टून बघून पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं, तर कागदावर टॅपेस्ट्रीसारखंच उमटणार. माझा पुरावा गेला पाण्यात.

दिवा तिरका केला, भिंग लावलं आणि येशूच्या अंगरख्यावर थांबले. टॅपेस्ट्रीत विणकरांनी त्यावर सोनेरी तारे पेरलेत, कार्टूनमध्ये अंगरखा साधा. माझ्या कागदावर घडीघडीवर समांतर रेघा, सावलीत आडव्या-उभ्या जाळीच्या, आणि तारा एकही नाही.

तरी मन मानेना. सात कार्टून्स १८६५पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. संध्याकाळी तिथे जाऊन उभी राहिले. रेघांवरून टोचलेली बारीक भोकंसुद्धा दिसतात. अंगरखा खरंच कोरा.

अर्थात कोरणाऱ्याने कंटाळून तारे गाळलेही असतील. म्हणून दुसऱ्या दिवशी खोडून लिहिलं : 'बहुधा कार्टूनवरून'. मग आठवलं, गेल्या महिन्यात निव्वळ डावं-उजवं बघून मी अशीच सहा कार्डं भरली होती. खण पुन्हा उघडला.