घटनेतला रविवार

परदेशी निघालेल्या माणसाची लोक मोठ्या गोष्टींसाठी तयारी करून घेतात. थर्मल घे, मेतकूट घे, भाषेचा क्लास लाव, पाकिटावरचं नीट वाचून मगच तोंडात घाल. श्टुटगार्टला येताना मी हे सगळं निमूटपणे केलं होतं. रविवारबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

आपल्याकडे रविवार म्हणजे साठलेल्या कामांचा दिवस. पंख्यावरची धूळ, भिंतीला खिळा, गाडी धुणं, रद्दीवाला, मटणाच्या दुकानापुढची रांग आणि साडेबाराला इमारतभर कुकरच्या शिट्ट्या. जर्मनीत दुकानं बंद. बेकरी सकाळी काही तास, शिवाय पेट्रोलपंप आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं, एवढंच काय ते उघडं. शनिवारी कांदे आणायचे राहिले तर पंपावर चिप्स मिळतात, कांदे नाहीत. ड्रिल लावायचं नाही, हिरवळ कापायची नाही. रिकाम्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर मोठाली पिंपं असतात. पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी काचेची वेगवेगळी. त्यांच्यावरही वेळा लिहिलेल्या, आणि त्यात रविवार नाही. बाटली फुटली की आवाज होतो ना! मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. बहिणींचं फारसं बोलणं होत नसावं.

बरं, हा नुसता रिवाज नाही. रविवार हा कामातून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून जर्मनीच्या १९१९ च्या ‘वायमार’ राज्यघटनेत संरक्षित झाला आणि १९४९ च्या घटनेनं ते कलम तसंच्या तसं उचललं. मध्ये एक अख्खं महायुद्ध होऊन गेलं, देशाचे तुकडे झाले. रविवारच्या केसालाही धक्का लागला नाही. आपल्या घटनेत इतकं काय काय आहे, पण दुपारच्या झोपेची हमी नाही, ही खंत कुणाही पुणेकराला वाटेल.

पुणेकर असल्याचा मला इथे फायदाच होईल असं वाटलं होतं. दुपारी एक ते तीन शांतता राखावी, असं अजूनही कित्येक इमारतींच्या नियमावलीत असतं. आमच्या जिन्यात फ्रेम केलेल्या सूचना आहेत: सायकल इथे लावू नये, रात्री दार नीट लावून घ्यावे. भाषा कळायच्या आधी मला त्यांचा सूर कळला. थेट सदाशिव पेठ! पण आपल्याकडे पाटी लावणारा लावून मोकळा होतो आणि वाचणारा हसून. इथे माणसं ती पाळतात. खरा धक्का तो.

‘कल्चर शॉक’ हा शब्द रूढ करण्यात मोठा वाटा कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाचा. १९५४ साली रिओ द जानेरोत दिलेल्या भाषणात त्यानं लक्षणंही सांगितली: सतत हात धुणं, पिण्याच्या पाण्याची, अन्नाची, अंथरुणाची फाजील काळजी. या हिशेबानं माझी आत्या जन्मभर कल्चर शॉकमध्येच आहे, आणि ती नगर जिल्ह्याबाहेर फारशी गेलेलीही नाही. पण त्याचं मूळ म्हणणं मला पटतं. रोजच्या व्यवहारातल्या ज्या बारीकसारीक खुणांवर आपण नकळत विसंबून असतो, त्या एकदम नाहीशा होतात आणि माणूस गांगरतो. माझ्या खुणा कानांच्या होत्या. कुणाची शिट्टी, कुणाचा मिक्सर, यावरून किती वाजले ते अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. इथे रविवारी काहीच ऐकू येईना, तेव्हा मी घरातल्या घरात चवड्यांवर चालायला लागले. कुकर फुसफुसायला लागला, की शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन बंद करायची. डाळ अर्थातच टचटचीत राहायची. कुणी काही म्हटलं नव्हतं हं. मीच आपली धास्तावलेली.

ओळख झाली ती केरामुळे. या श्वाबियन भागात ‘केअरवोख’ नावाची जुनी पद्धत आहे. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की आपण ती शेजारच्या दाराला अडकवायची. पाटी द्यायला गेले आणि समोरच्या आजी बोलायला लागल्या. (आजी घरातल्या घरात, तोंडावर ‘फ्राऊ’ आणि आडनाव.) कठड्याच्या गजांमागून फडका कसा फिरवायचा, हे त्यांनी मला स्वतः करून दाखवलं. त्या ओघात कुकरचंही विचारून घेतलं. शिट्टी त्यांना ऐकू येते, पण त्यांना ते कॉफीचं यंत्र वाटत होतं.

गेल्या उन्हाळ्यात आई आली, तेव्हा पाटी आमच्याच दाराला होती. तिनं बादलीभर पाणी वरच्या पायरीवरून सोडायची तयारी केली होती, ती मी कशीबशी थांबवली. मग तिनं गुडघ्यांवर बसून, पदर खोचून, एकेक पायरी पुसली. आवाज ऐकून आजी बाहेर आल्या. त्यांनी वाकून कोपरा पाहिला, पायपुसण्याचं टोक उचलून खालीही पाहिलं आणि मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आजींची पाळी. त्या लांब दांड्याचं पोछा घेऊन उभ्यानं पुसत होत्या. आई दारातून बघत राहिली आणि आत येऊन मला म्हणाली, “बाई छान आहे गं. पण पुसते मात्र वरवर.”