कूलरमधलं पाणी काढायची सोय

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांवर गेला की ताशी 3000 घनमीटर हवा ओढणारा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला 20 ते 25 लिटर पाणी उडवतो. 60 लिटरची टाकी जेमतेम तीन तास पुरते. म्हणून पाणी कमी झालं की टाकी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला जातो, पाइप जोडला जातो आणि काम झालं असं वाटतं. पण हवेत उडतं ते निव्वळ पाणी. क्षार टाकीतच राहतात.

नळाच्या पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम क्षार धरा. दिवसभरात 200 लिटर पाणी उडालं, तर 60 ग्रॅम क्षार मागे उरले. बोअरच्या पाण्यात 1000 मिलिग्रॅम असतील तर 200 ग्रॅम, आणि तेही रोज! आधी वरच्या पाइपची छिद्रं बुजतात, मग त्याखालची ताटी (जिच्यातून हवा आत येते ती ओली गादी) कोरडी राहते आणि त्या कोरड्या पट्ट्यातून गरम हवा सरळ खोलीत शिरते. अशा वेळी लोक ताट्या बदलतात. पाणी तेच राहिलं तर नव्या ताट्यांवरही पांढरा थर चढतोच.

घरच्या कूलरला सोपा उपाय म्हणजे रोज रात्री टाकी पूर्ण रिकामी करणं. 200 लिटर उडून 60 लिटर उरलं, तर क्षार दिवसअखेर सव्वाचार पटीच्या आसपास थांबतात. नळाच्या पाण्याला हे चालतं. बोअरचं पाणी असेल किंवा कूलर चोवीस तास चालत असेल, तर पंपाच्या नळीवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून बारीक कॉकमधून सतत थोडं पाणी सोडा. उडणाऱ्या पाण्याच्या निम्मं, म्हणजे ताशी 10 लिटर सोडलं की क्षार तिपटीवर राहतात. लिटरची बाटली सहा मिनिटांत भरते का, ते पाहून कॉक लावा. पाणी फार जड असेल तर हे प्रमाण दुप्पट करा. हे पाणी संडासात, फरशीला वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

टाकीच्या बुडाचं अर्धा इंची छिद्र गाळाने लगेच तुंबतं. तिथे एक इंची सॉकेट आणि बॉल व्हॉल्व्ह हवा. छिद्राच्या विरुद्ध बाजूचे पाय सेंटिमीटरभर उचलले की गाळ छिद्राकडे येतो. पाइपला मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार द्या. मध्ये झोळ पडला की तिथेच गाळ बसतो. पाइपचं तोंड मोरीच्या जाळीच्या दोन इंच वर सोडा. ते गटारात खुपसलं, तर कूलरचा पंखा ओव्हरफ्लोच्या वाटेने गटाराचा वास ओढून घरात आणतो.

कूलर रस्त्यावरच्या लाइनला थेट जोडू नका. पुरवठा बंद झाला की लाइन उलटी ओढते आणि टाकीतलं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात जाऊ शकतं. जोड गच्चीवरच्या टाकीतूनच घ्या, व्हॉल्व्हचं तोंडही ओव्हरफ्लोच्या वर ठेवा. दहा फूट उंचीवरून दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, त्यामुळे आरओची बारीक नळी दुपारी अपुरी पडू शकते. पाइप अर्धा इंची घ्या. बादलीत धरून मिनिटाला लिटरभर पाणी आलंच पाहिजे.

गच्चीवरचं पाणी तापलेलं असतं, ही काळजी मात्र सोडा. थंडावा बाष्पीभवनातून मिळतो, 40 अंशांच्या पाण्याने त्यात तीन टक्केही फरक पडत नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तिच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं.

डास हा गंभीर विषय आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने तगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही; आठवड्यातून एकदा भिंती ब्रशने घासाच. हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका. लोखंडी कूलरला चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच.

जूनमध्ये हवा दमट झाली की पंप बंद करा, टाकी घासून पूर्ण कोरडी करा आणि ड्रेनचा व्हॉल्व्ह पावसाळाभर उघडाच ठेवा.