चित्र काढायला फिटनेस सर्टिफिकेट

वाईजवळच्या मेणवलीत चित्रकलेचं शिबिर: चार दिवस राहून जलरंगात निसर्गचित्रं काढायची, सकाळ-संध्याकाळ शेतांतून भटकायचं. दादरच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी रंगवून कंटाळलेल्या बाईला आणखी काय हवं? पैसे लगेच भरले. महाबळेश्वरची एसटी वाईवरूनच पुढे पसरणी घाट चढते, तिचं तिकीटही लेकाने काढून दिलं.

मग आयोजकांचा फॉर्म आला. पन्नाशीपुढच्यांना डॉक्टरांचा दाखला सक्तीचा, सोबत पायपीट आहे म्हणून. आमचे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "काकू, चित्र बसूनच काढतात ना?" तरी बीपी बघितलं, लिहून दिलं. अपलोड करायला गेले तर फाइल 200 केबीच्या वर. लेकाने ती बारीक केली. चार दिवसांनी उत्तर: 'कागदपत्र अस्पष्ट'. अहो, डॉक्टरांचं अक्षर ते, मूळ कागदावरही अस्पष्टच! पुन्हा दवाखाना, पुन्हा तासभर नंबर. या खेपेला कंपाउंडरकडून टाइप करून घेतलं. तर शिक्क्यातला रजिस्ट्रेशन नंबर पुसट. तिसऱ्यांदा सगळं स्वच्छ, ठसठशीत. त्यावर पाच दिवस चिडीचूप, आणि मग मेल: 'दाखला सात दिवसांपेक्षा जुना आहे.' जुना झाला तो कुणामुळे?

फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात, "मॅम, सिस्टीम घेत नाहीये." निघायला तीन दिवस उरले होते. माझा आवाज चढला, हे कबूल करते. तेव्हा ती म्हणाली, "मग व्हॉट्सॲपवर फोटो टाका ना, चालेल." पंधरा दिवस कुणी हे का बोललं नाही? पैसे घेताना माझं बीपी कुणी विचारलं नव्हतं. म्हणून सांगते, दाखला कधी हवा, कसा हवा, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि टाइप केलेलाच घ्या.

एवढं करून तिथे दाखला कुणी बघितलाही नाही. सगळ्यात मोठी पायपीट म्हणजे मेणवली ते वाई, तीनेक किलोमीटर. उसाला तुरे आले होते, बांधावरून चालताना चपला दवाने ओल्याचिंब. दवाचं आणखी एक: सकाळी आठच्या आधी वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर) टाकलात तर तो वाळतच नाही. मी दोन कागद असेच घालवले. नदीकाठच्या घाटाच्या काळ्या दगडाला ट्यूबमधला काळा लावू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून बघा. 1739 साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या घंटा आणल्या, त्यांतली एक मेणवलीच्या घाटावर टांगलेली आहे. तिच्या सावलीचा करडा रंग मला याच मिश्रणातून सापडला. कशावर करून बघितला? दाखल्याच्या पाठीवर. तिन्ही प्रती पिशवीत होत्याच.

हो, घडीचं स्टूल घरून न्या. घाटाच्या पायऱ्या दहानंतर तापतात, आणि ते मात्र फॉर्ममध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.