तुम्ही विचारलंत म्हणून: मी कोणाकडून?

नागपुरात दिव्यांग मुलांच्या घरांना दाखले, विमा, थेरपी यांची वाट दाखवते मी. आणि लग्नात विचारतात तसं विचारता तुम्ही. मुलाकडून की मुलीकडून? मेडिकल हॉस्पिटलच्या बाकावर, सेतूच्या रांगेत, परवा तर एका तेरवीला. "म्हणजे ताई, तुम्ही नेमक्या कोणाकडून? शाळेकडून, हॉस्पिटलकडून, की संस्थेकडून?" कोणाकडूनच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ओठांवर येत नाही, पण डोळ्यांत दिसतो. मग हिचं पोट कशावर चालतं?

एकदाचं लिहूनच टाकते. एका घराकडून महिन्याला सहाशे रुपये घेते. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाही, आणि ज्यांना जमतं तेच जास्त घासाघीस करतात. "फॉर्म भरायचे सहाशे?" फॉर्मचे नाहीत हो. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज तुमचा भाचाही मोबाईलवर भरून देईल. पण आधारवर नाव एक आणि जन्मदाखल्यावर दुसरं असलं की तो भाचा फोन उचलत नाही. निरामय या दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही मिळतो, हे सगळ्यांना पाठ असतं. बिलं मात्र कोणी जपलेली नसतात. पोरगं १८ चं झालं की आईबाप कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे बँकेच्या काउंटरवर कळतं. मग पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तरीय समिती. त्यातही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याचं कलम १४ वेगळं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १४ वेगळं. दोन्ही पालकत्वाचीच, म्हणून चांगले शिकलेले लोक त्यांची खिचडी करतात. ती निवडून देण्याचे सहाशे.

पण तुम्हाला हे विचारायचंच नसतं. तुम्हाला कमिशनचं विचारायचं असतं.

कमिशन मी कधी घेतलं नाही. नऊ वर्षं हे वाक्य छाती ठोकून म्हणत आले, आणि ते खरं आहे. हल्ली ते तितक्या जोरात का म्हणवत नाही, ते सांगते.

हुडकेश्वरचा सात वर्षांचा मुलगा. ऑटिझम. आई घरी फॉल-पिको करायची. प्रमाणपत्र झालं, कार्ड आलं, आता थेरपी कुठे? मी पश्चिम नागपुरातल्या एका सेंटरचं नाव दिलं. सेंटर चांगलंच होतं, आजही आहे. तिथल्या मॅडम नवीन घरांना माझा नंबर द्यायच्या. माझी निम्मी घरं तिथूनच आलेली. पैशाची देवाणघेवाण नव्हती. दिवाळीला काजूकतलीचा डबा यायचा, तो मी खाल्ला. त्याच सुमारास मानेवाड्यात, त्या मुलाच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, एका मुलीने दोन खोल्यांत ऑक्युपेशनल थेरपी सुरू केली होती. शिकलेली होती, हात चांगला होता, मी जाऊन बघून आले होते. पण नवीन आहे, अनुभव कमी आहे, असं मी मनाशी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

आठ महिने ती बाई आठवड्यातून तीनदा 'आपली बस' या शहर बसने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, आणि तिथून शेअर ऑटोने सेंटरला नेत होती पोराला.

मग नवतपा आला, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी बाराचा सुमार, मॉरिस कॉलेजचा बसस्टॉप. मागून बसने हॉर्न दिला आणि पोरगं कानांवर हात ठेवून रस्त्यातच बसलं, ओरडायला लागलं. तिने बगलेत हात घालून उचलायला पाहिलं, तर तिच्या मनगटाला चावलं. आता उन्हाळ्यातल्या नागपूरच्या बाया कशा दिसतात ते तुम्हाला माहीत आहे. डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा, फक्त डोळे उघडे. लोकांना काय दिसलं? तोंड बांधलेली एक बाई ओरडणाऱ्या पोराला ओढून नेते आहे.

"कोणाचं पोरगं आहे हे?" कोणीतरी दुपट्टा ओढला. कोणीतरी पोराला विचारलं, "ही तुझी आई आहे का?" त्याला ऐकलेलं परत म्हणायची सवय. तो म्हणाला, "आई आहे का. आई आहे का." तसंच, प्रश्नाच्या सुरात. तिला दोन चापटा बसल्या. तिसरी बसायच्या आत हवालदार आला, म्हणून थांबलं.

तिने पर्समधून कार्ड काढलं, मी करून दिलेलं. इतक्या महिन्यांत त्याचा पहिला उपयोग हा. त्यावर फोटो पोराचा. आईचा फोटो कशाला असेल? मग तिने मला फोन लावला आणि हवालदाराने तो स्पीकरवर टाकला. मी म्हटलं, हो साहेब, तीच आई आहे, मी ओळखते. तो म्हणाला, "तुम्ही कोण? कोणाकडून बोलता?"

मी म्हटलं, कोऑर्डिनेटर. त्याला कळलं नाही. "म्हणजे कोणाकडून?" मागे पोरगं ओरडत होतं. मी त्या सेंटरचं नाव घेतलं. त्यांच्याकडून बोलते, म्हटलं. लगेच सूर बदलला त्याचा. "अच्छा अच्छा, मॅडम," म्हणाला आणि तिला सोडलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. मनगटाला हळद लावलेली. रागावलेली नव्हती, तेच वाईट झालं. म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांच्याच आहा न? मंग पयलेच काहून नाही सांगतलं? मी काय नाही म्हटलं असतं?"

मी खूप बोलले. हवालदाराला पाटी लागते, त्याच्यासमोर स्वतंत्र-बितंत्र चालत नाही, तुला सोडवायचं होतं म्हणून नाव घेतलं. सगळं खरं. ती मान हलवत राहिली आणि चहा ठेवायला उठली. मानेवाड्याच्या मुलीचं मी त्या दिवशीही सांगितलं नाही. आठवड्याने सांगितलं, जणू आत्ताच कळलं अशा थाटात.

माझा एक मामेभाऊ मेलबर्नला असतो. तिकडे या कामाला नाव आहे, सपोर्ट कोऑर्डिनेटर, आणि त्याचा पैसा सरकारी योजनेत त्या माणसाच्याच प्लॅनमधून येतो. मला हेवा वाटला. मग तो म्हणाला, तिथेही काही कंपन्या कोऑर्डिनेटरही आपलाच देतात आणि सेवाही आपलीच विकतात, त्यावरून वाद आहेत. खरं सांगते, ऐकून बरं वाटलं. असं वाटायला नको होतं.

त्यानंतर मी नियम केला. कोणत्याही सेंटरकडून घर घ्यायचं नाही आणि नाव सांगायचं तर तीन सांगायची, अंतर आणि फी यांच्यासकट. कमाई निम्म्यावर आली. डबे बंद झाले. तुम्ही म्हणाल, छान, सुटला प्रश्न. कुठचा? मानेवाड्याच्या मुलीने वर्षभरात खोल्या सोडल्या, लग्न होऊन पुण्याला गेली. त्या मुलाची थेरपी चार महिने बंद पडली आणि बाई पुन्हा बर्डीमार्गे जुन्याच सेंटरला जाऊ लागली. माझ्यातली जुनी बाई तेव्हा म्हणाली, बघ, सांगत होते ना, अनुभव कमी आहे. मी तिला म्हटलं, तू अनुभवासाठी नव्हतं केलंस ते. ती म्हणाली, पण पोराच्या हिताचं कोणाचं निघालं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि तीन नावांचं सांगू? निम्मी घरं ती यादी बघून माझ्याकडे अशी बघतात, जशी मी त्यांना रस्त्यात सोडून दिलं आहे. कधी कधी तसंच असतं. एक नाव सांगितलं की ते चुकल्याचं ओझं माझ्यावर, तीन सांगितली की त्यांच्यावर.

गेल्या आठवड्यात कामठीहून एका आईचा फोन आला. मुलगी चौदाची, सेरेब्रल पाल्सी. यादी पाठवली तर म्हणाली, "तीन नका सांगू ताई. तुमची पोरगी असती तर कुठं नेली असती, तेवढं सांगा." त्या तिन्हींतलं मला योग्य वाटतं ते सेंटर तेच, पश्चिम नागपूरचं. उद्या सांगते म्हटलं. आज चौथा दिवस आहे.