आमची वाटचाल : पंप उघडण्याआधी

पंपदुरुस्तीच्या आमच्या या छोट्या व्यवसायाला तीस वर्षं उलटून गेली. आता कामाची सूत्रं पुढच्या मुलांकडे जातायत. त्यांना हत्यारं देता येतील, ग्राहकही देता येतील. पण मला मनापासून द्यायचीय ती स्वतःच्या डोक्यानं विचार करायची सवय. मला ती फार उशिरा लागली.

सुरुवातीला वाटायचं, चार लोक म्हणतात त्याच्या उलट केलं की झाला स्वतंत्र विचार. पंपाचा फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर येतो तिथे गळती रोखायला दोरी भरून नटांनी आवळतात, ती ग्लँड. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळू द्यायचं, असं जुने मिस्त्री सांगायचे. मला ती ढिलाई वाटायची. एका पंपाचे ग्लँडचे नट मी गळती पूर्ण थांबेपर्यंत आवळले. थोड्याच वेळात दोरी करपल्याचा वास सुटला. उघडून पाहिलं, तर शाफ्टवरच्या स्लीव्हला, म्हणजे त्यावर चढवलेल्या नळीला, नख अडकेल इतके खोल चरे पडलेले. त्या थेंबांमुळेच दोरी आणि स्लीव्हमधलं घर्षण कमी होतं, उष्णता बाहेर पडते. मिस्त्रींना ‘का?’ एवढंही मी विचारलं नव्हतं. पद्धत मोडायची तर ती कशासाठी पडली हे आधी समजून घ्यायचं, हे त्या दिवशी पक्कं झालं.

पुढे याच्या नेमकं उलट घडलं. एका ग्राहकाच्या पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे दोरीऐवजी एकमेकींवर घासणाऱ्या दोन कड्यांनी गळती रोखणारा भाग, दर दोन-तीन महिन्यांनी जायचं. येणारा प्रत्येक जण आधीच्याचंच निदान पुढे चालवायचा : सील हलकं. आम्हीही एकदा बदलून दिलं. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा पान्याला हात न लावता मी चालू पंपाजवळ नुसता उभा राहिलो. मधूनमधून आत खडे फिरल्यासारखा आवाज येत होता. पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या कडेनं मागे गेलो, तर रिड्यूसर, म्हणजे जाड पाइप बारीक तोंडाला जोडणारा तुकडा, उलटा बसवलेला. आडव्या सक्शन लाइनीत एका बाजूनं सपाट असलेल्या रिड्यूसरची सपाट बाजू वर हवी. ती खाली होती. त्यामुळे वरच्या कोपऱ्यात हवा साठायची, मग इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी फेकणाऱ्या चाकात, शिरायची, पंप थरथरायचा आणि सीलच्या घासणाऱ्या कडा कोरड्या पडायच्या. रिड्यूसर फिरवला. सीलची तक्रार त्यानंतर आली नाही.

मला मात्र आम्ही बदललेलं ते एक सील सलत राहिलं. आम्हीही न पाहता मान डोलावली होतीच ना! सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५१ च्या प्रयोगाबद्दल नंतर वाचलं. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण आधीच ठरवून बसवलेल्या मंडळींनी एकमुखानं चुकीचं उत्तर दिलं की सहभागी सुमारे एक-तृतीयांश वेळा त्यांचीच री ओढायचे. गटात एक जण जरी खरं बोलला, तरी या चुका जवळपास पाव व्हायच्या. एक जण! ते वाचल्यावर मी कामाची पद्धत बदलली. पंप उघडण्याआधी प्रत्येकानं आपलं निदान आपापल्या वहीत लिहायचं. मग सगळ्यात नव्यानं आधी बोलायचं, मी सगळ्यात शेवटी.

तपासणीचे पैसेही वेगळे घ्यायला लागलो, म्हणजे सुटा भाग विकण्याची घाई राहत नाही. ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणत काही ग्राहक गेले. तो काळ ओढाताणीचा होता, पण निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

मध्यंतरी एका पंपाची मोटर फार आवाज करत होती. माझ्या वहीत मी ‘बेअरिंग’ लिहिलं. नव्यानं लागलेल्या मुलीची पाळी आली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाचलं, ‘कपलिंगची अलाइनमेंट तपासावी.’ म्हणजे मोटर आणि पंपाचे जोडलेले शाफ्ट एका रेषेत आहेत का ते. मी गप्प राहिलो. तिनं बारीक फरक मोजणारा डायल गेज लावला, शाफ्ट हातानं सावकाश फिरवला. काटा भसकन एका बाजूला गेला. मी माझ्या वहीतला शब्द खोडला आणि मोटरच्या पायाखाली घालायचे पातळ पत्रे, शिम, तिला काढून दिले.