बंदूक घेण्याआधी गालाला लावून बघा

क्ले शूटिंगसाठी, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या टिपायच्या खेळासाठी, कुठली बंदूक घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी एवढंच सांगते, ब्रँड नंतर बघा, ती तुम्हाला बसते का ते बघा. (शिकारीचा विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे ती बंदच.) माझी पहिली बंदूक उसनी होती, दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) माझ्या हाताला लांब, दर वेळी जॅकेटात अडकायची आणि संध्याकाळी दंडावर हा एवढा काळानिळा डाग. म्हणून रिकामी असल्याची खात्री करा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा, नळीवरची पट्टी सरळ आणि टोकाचा मणी मधोमध दिसला तर ती तुमची, नाहीतर छर्रे भलतीकडेच जाणार, कारण शॉटगनला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीला, नेम धरायचं मागचं साइट नसतं, ते काम तुमचा डोळाच करतो. बाकी १२ बोअर (हे नळीच्या रुंदीचं माप), एकावर एक नळ्यांचीच घ्या. ट्रॅप या प्रकाराला ३० ते ३२ इंची नळी आणि घट्ट चोक (नळीचं टोक आवळलेलं, म्हणजे छर्रे कमी पसरतात), तबकडी लांब पळत जाते ना. स्कीट या प्रकाराला मोकळा चोक, तिथे ती जवळून आडवी जाते. आणि फार हलकी नको, धक्का जास्त बसतो.